हिवाळ्यातला मालवणचा समुद्र आणि घरची वडीलधारी माणसे

कार्तिक सरला की मालवणचा समुद्र निवतो. पावसाळ्यात ज्या पाण्याने किनाऱ्याची वाळू खरवडून नेलेली असते, तेच पाणी ती हळूहळू परत आणून घालू लागते आणि मार्गशीर्ष-पौषापर्यंत पुळण रुंद, मऊ उताराची होते. आषाढात खोल समुद्रावर तीन-चार मीटरांच्या लाटा उठत असतात. डिसेंबर-जानेवारीत त्या बहुधा अर्ध्या ते एका मीटरावर आलेल्या असतात. पाणी मात्र थंड होत नाही. उत्तरेकडे शेकोट्या पेटलेल्या असताना इथल्या पाण्याचे तापमान २७-२८ अंशांच्या आसपास असते. घाटावरची कुटुंबे आजी-आजोबांना घेऊन कोकणात उतरतात ती याच दिवसांत.

उतरतात खरी, पण पुढे काय होते, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही निवासाच्या ओसरीवर पाहावे. तरुण मंडळी पाण्यात, मुले वाळूत आणि आजोबा खुर्चीत, शालीसकट. त्यांना पाण्याजवळ नेण्याची भीती वाटते, आणि ती निराधार नाही. नेलेच तर नेमके संध्याकाळी पाच वाजता, वारा वाढलेला, लाटा उसळलेल्या, माणसांची गर्दी झालेली, अशा वेळी नेतात. मग एखादी लाट गुडघ्यापर्यंत येते, म्हातारे माणूस डगमगते आणि ‘आता पुरे’ असे ठरून जाते. हिवाळ्यातल्या समुद्रालाही वेळापत्रक असते. ते ज्यांच्या पोटापाण्याशी बांधलेले आहे त्या मच्छीमारांकडून समजून घेतले, तर सत्तरी-ऐंशीच्या माणसालाही समुद्राला पाय लावता येतो.

या वेळापत्रकाचे पहिले पान म्हणजे वारा. रात्रभर जमीन गार होत जाते, समुद्र त्या मानाने ऊबदार राहतो, आणि पहाटेपासून हवा जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागते. शाळेच्या भूगोलात आपण हिला ‘मतलई वारे’ म्हणून शिकलो. हा वारा किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेच्या तोंडावर येतो, तिचा माथा विस्कटू देत नाही. त्यामुळे सकाळी सात ते दहाच्या सुमारास मालवणचे पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत दिसते. जमीन तापली की अकरा-बारानंतर हेच चक्र उलटते. ‘खारे वारे’ समुद्राकडून सुटतात, पाण्यावर बारीक लाटांची गर्दी होते आणि तिसऱ्या प्रहरी ती सर्वांत जास्त असते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जायचे असेल तर सकाळीच जावे, असे स्थानिक लोक सांगतात त्यामागचे कारण हेच. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला. तिथे उतरताना हलत्या होडीतून पाय पुढे टाकावा लागतो, आणि ज्याचा गुडघा वळत नाही त्याच्यासाठी होडीचे इंचभर कमी हलणेही मोलाचे असते.

पहाटेच्या याच निवांत पाण्यावर मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण चालते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढण्याचे भले मोठे जाळे. त्याच्या दोराचे एक टोक पुळणीवर ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना वीस-वीस, तीस-तीस माणसे लागतात. पाठ मागे रेलून, टाचा वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे सरकत ती दोर ओढतात, आणि जाळे जसे आवळत येते तसे दोन्ही गट एकमेकांच्या जवळ सरकतात. काम घाईचे नाही. दोन-तीन तास सहज जातात. जाळे पाण्याबाहेर येताना आतले पाणी अचानक उकळू लागल्यासारखे दिसते. बांगडे, तारल्या, पेडवे, मधूनच एखादे पाकट. दोराला हात लावणाऱ्या परक्या माणसालाही कालवणापुरती मासळी मिळते, ही इथली जुनी रीत.

रापणीत वयस्कर माणसाला जागा असते, ही गोष्ट मला या साऱ्यात फार मोलाची वाटते. ज्याच्या दंडात आता जोर नाही, तो उंचवट्यावर बसून पाणी वाचतो. थवा वर आला की पाण्याचा रंग किंचित काळवंडतो, पृष्ठभाग शहारल्यासारखा होतो, वर पक्षी घिरट्या घालू लागतात. हे ज्याला आधी दिसते त्याच्या सांगण्यावर होडी सुटते.

आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी रापण हा तमाशापुरता विषय नाही. ज्या जागी रापण ओढतात तिथला तळ वाळूचा आणि खडकाविना असतो. नाहीतर जाळे फाटले असते. म्हणजे वृद्ध माणसाला पाण्यात उभे करण्याजोगी जागा शोधायची असेल, तर रापण कुठे लागते हे विचारणे हा पहिला चांगला प्रश्न. मालवणचा चिवला किनारा तसा आहे. मात्र रापण उरकल्यावर लगेच तिथे अनवाणी फिरू नये. नको असलेली मासळी वाळूत टाकलेली असते आणि तिच्यात शिंगाळ्याचे काटे, पाकटाच्या शेपटीचा काटा, जेलीफिशचे लिबलिबीत तुकडे असतात. मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची संवेदना मंदावली आहे त्यांना काटा रुतल्याचे कळतही नाही. कळते ते चार दिवसांनी, पाय सुजल्यावर. अशा व्यक्तीने पाण्यातही मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची पादत्राणे घालावीत. परत आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि सोबतच्या माणसाने तळवे उजेडात पाहावेत. पायावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी समुद्र लांबूनच बघावा. खाऱ्या, उबदार पाण्यात असे काही जंतू असतात की मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांना जखमेतून त्यांचा गंभीर संसर्ग होऊ शकतो.

दुसरे पान भरती-ओहोटीचे. इथे आपल्या वाचकांपैकी ज्यांना पंचांग पाहण्याची सवय आहे ते तरुणांच्या पुढे आहेत. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटका मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बरा जमतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळे मालवणला ती तासभर आधी येते. म्हणजे चतुर्थीला मालवणात भरती दोनच्या आसपास, आणि त्यानंतर सहा तासांनी, सकाळी आठला, पूर्ण ओहोटी. यावरून दोन्ही पक्षांतल्या तृतीया ते षष्ठी या तिथी सकाळच्या फेरीला उत्तम ठरतात. वारा निवलेला आणि पाणी ओसरलेले, अशा दोन्ही गोष्टी त्या दिवशी एकाच वेळी हाती येतात. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते आहेतच.

ओहोटीची वाळू ओली आणि घट्ट असते. तिच्यावर पाय रुतत नाही, काठी खोल जात नाही. कोरडी भुसभुशीत वाळू तरुणांना गंमत वाटते. संधिवाताच्या गुडघ्याला ती शिक्षा आहे. पुळणीला उतार असतो, हेही ध्यानात ठेवावे. एकाच दिशेने लांब चालत गेल्यास एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. थोडे जाऊन त्याच वाटेने परतावे म्हणजे भार फिटतो. प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या वाळूत ठेवली तर तिचे मागचे पाय रुततात आणि बसलेला माणूस उलटा जातो. पायांखाली फळकुट घातले की हा प्रश्न सुटतो. चाकाच्या खुर्चीसाठी फळ्या टाकाव्या लागतात. त्यापेक्षा रस्ता जिथे पुळणीला भिडतो तीच जागा निवडणे शहाणपणाचे.

आमच्या आत्या ८१ वर्षांच्या आहेत. माहेर वेंगुर्ल्याचे, पण पन्नासहून अधिक वर्षे पुण्यात काढलेली. गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी रोजची. गेल्या पौषात त्यांनी हट्टच धरला की मालवणला जायचे आणि पाण्यात उभे राहायचे. त्यांचा मुलगा धास्तावलेला. आम्ही पंचमी धरून गेलो. चिवल्यावर साडेआठला पाणी अगदी दूर, सपाट. लाटा फुटत होत्या त्या दोन बाजूंना. मधला एक पट्टा इतका शांत होता की तीच जागा बरी, असे आम्हा सर्वांना वाटले. जाळे आवरत बसलेल्या एका रापणकराने हात वर केला. “आये, हयसर नको. हय पाणी वडता. जरा थयसर चला.” लाटा ज्या पट्ट्यात फुटत नाहीत तिथे तळाशी चर असतो आणि दोन्ही बाजूंनी किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच चरातून माघारी समुद्रात जाते, हे त्याने बोटाने वाळूत रेघ मारून दाखवले. शांत दिसणारे पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा समज पोहणाऱ्यांनाही भोवतो.

त्याने दाखवलेल्या जागी आत्या घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मी. हात धरायचा तो मनगटाला नाही, काखेखालून दंडाला. म्हणजे तोल गेला तर खांदा हिसकत नाही. पाणी परत जाऊ लागले तशा त्या डोळे मिटून घेऊ लागल्या. वाहत्या पाण्याकडे टक लावली की आपणच सरकतो आहोत असा भास होतो आणि वयस्कर माणसाला तो लवकर होतो. “आई, लांब बघ, किल्ल्याकडे बघ,” मुलगा म्हणाला, आणि स्थिर रेषेवर नजर ठेवल्यावर त्यांचा तोल सावरला. टाचेखालची वाळू सुटत होती. दर तीन-चार लाटांनी आम्ही त्यांना एक पाऊल मागे घेत होतो. “वाळू अशी सरकते ना, तेच मला पुन्हा अनुभवायचं होतं,” एवढेच त्या बोलल्या. दहा मिनिटे झाली असतील. मग कोरडे पायजमे, पंचा, कोमट पाणी. पाणी उबदार असले तरी मतलईच्या वाऱ्यात ओले कपडे अंगावर राहिले तर थंडी भरते. पहाटे इथले तापमान विशी गाठत नाही असे दिवस असतात.

वारा आणि तिथी एवढ्यावर भागते का? बहुतेक दिवशी भागते, पण हिवाळ्यात काही दिवस असे येतात की इथे पानही हलत नाही आणि लाटा मात्र अवचित भारदस्त होतात. यांचे मूळ आपल्या किनाऱ्यावर नसते. अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे हिवाळ्यात ‘शमाल’ नावाचे वायव्येचे जोरदार वारे सुटतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून साधारण दोन दिवसांत रत्नागिरी-गोव्याच्या किनाऱ्याला पोहोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या लाटांचा माग काढला आहे. म्हणून आकाश निरभ्र आहे, वारा नाही, एवढ्यावर विसंबू नये. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही शासकीय संस्था रोज लाटांचा अंदाज प्रसिद्ध करते आणि गरज असेल तेव्हा इशाराही देते. मच्छीमार तो पाहतात, आपणही पाहावा. आणि पुळणीवरच्या सगळ्या होड्या एखाद्या प्रसन्न सकाळी नेहमीपेक्षा वर ओढून ठेवलेल्या दिसल्या, तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

देवबागबद्दल वेगळे सांगायला हवे. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तो संगम डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे, पण तो होडीत बसून पाहण्याचा आहे. ओहोटीला नदीचे पाणी तिथे जोराने बाहेर पडते. तिथे पाय बुडवण्याचा मोह वृद्धांनीच नव्हे, त्यांना सांभाळणाऱ्यांनीही टाळावा.

आता ताटाकडे. किनाऱ्यालगत, लाटा फुटतात त्या वाळूच्या पट्ट्यातच राहणारा एक मासा म्हणजे मुडदुशी. सडपातळ, पांढऱ्या मांसाची, चवीला सौम्य. कोकणात आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला हीच देण्याची प्रथा आहे, आणि पचायला ती हलकी खरीच. काटा मात्र बारीक असतो. कवळी घालणाऱ्याला टाळूवर काटा जाणवत नाही, तेव्हा चमचाभर मांस बोटाने चाचपून मगच द्यावे. बांगडा आणि तारली ही तेलकट मासळी. हृदयाला हितकारक समजली जाणारी ओमेगा-३ मेदाम्ले त्यांच्यात भरपूर असतात. आठवड्यातून दोनदा मासे खावेत असे अमेरिकेतली हृदयरोग संघटना सुचवते. पण ज्यांचे युरिक अॅसिड वाढलेले आहे त्यांनी नेमके हेच मासे बेताने खावेत, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

बांगड्याची एक खोड घरोघरी माहीत असायला हवी. पकडल्यावर तो बर्फात ठेवला नाही तर त्याच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही. असा बांगडा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंग खाजते, डोके दुखते, छाती धडधडते. मग आपण म्हणतो, ‘मासा बाधला.’ हृदयविकार असलेल्या वृद्धाला ही धडधड त्रासाची ठरू शकते आणि अशा वेळी दवाखाना गाठावा. रापणीतून नुकताच निघालेला मासा सकाळी नऊला घेणे आणि तोच उन्हात दुपारपर्यंत पडलेला घेणे यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. कल्ले लाल, डोळा फुगीर, बोट दाबले तर खळगा न राहणारा, हे निकष आपल्या आजीला ठाऊक असतातच. तिला बाजारात न्यावे, निवड तिच्यावर सोपवावी. खाऱ्या सुक्या मासळीविषयी मात्र नाइलाजाने कठोर व्हावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, आणि सुक्या बांगड्याचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा उचलतो. प्रवासातून घरी न्यायच्या पिशवीत ती असावी, पण रक्तदाब असलेल्यांच्या वाटणीला चवीपुरतीच.

दुपार हा खोलीत पडून राहण्याचा वेळ. कोकणातली थंडी फक्त सकाळची. बाराला पारा तिशी ओलांडतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना दमट हवेत घाम जाऊन एकदम उठताना अंधारी येते. पाणी किती प्यावे याचे बंधन डॉक्टरांनी घातले नसेल, तर तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे द्यावे. सोलकढी उत्तमच, पण तिच्यातले मीठही मोजावे.

रापण पूर्वीइतकी लागत नाही. जिथे पुळणीवर एकामागून एक रापणी लागायच्या, तिथे आता एखादी दिसते. यांत्रिक बोटींनी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडली, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या झोतातली मासेमारी बंद केली. तरीही तंटे पूर्णपणे मिटलेले नाहीत. दोर ओढायला तरुण हातही कमी पडतात. मुलगे मुंबई-गोव्याला जातात. सध्या दोराला लागतात त्यांत साठी ओलांडलेले बरेच असतात, आणि त्यांचे गुडघे आपल्यासारखेच कुरकुरतात. दुपारी ते झावळ्यांच्या सावलीत होडीला टेकून फाटके जाळे सांधत बसतात. त्या वेळी आपल्या आजोबांना त्यांच्या शेजारी नेऊन बसवावे. बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि उद्या सकाळी पाणी कसे असेल हेही तिथेच कळते.